बुद्धिबळाने रोजच्या जगण्यातले निर्णय सुधारतात का?

मुक्ता_६४ (प्रश्न)

बुद्धिबळ खेळलं की डोकं तल्लख होतं, माणूस चार पावलं पुढचा विचार करायला लागतो, असं सर्रास म्हटलं जातं. दुसरीकडे, बुद्धिबळाने फक्त बुद्धिबळच सुधारतं असंही तितक्याच ठामपणे सांगणारे भेटतात. इथे नियमित खेळणारे, शिकवणारे आणि यावरचं संशोधन वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून नेमकं विचारते.

प्रश्न मोठ्या माणसांपुरता आहे. नोकरी बदलावी का, कर्ज किती वर्षांचं घ्यावं, घरातल्या आजारी माणसासाठी दोन उपचारांपैकी कुठला निवडावा, असे निर्णय बुद्धिबळामुळे चांगले होतात का? होत असतील तर कुठल्या पद्धतीने खेळलं की होतात? आणि उलटा परिणाम होण्याची काही शक्यता आहे का? रोज साधारण अर्धा तास मिळतो असं धरून सांगा.

---

तळघर

आपोआप सुधारत नाहीत. हे मत बरंच जुनं आणि बऱ्याच प्रयोगांवर उभं आहे.

१९०१ साली मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी लोकांना आकृत्यांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखायचा सराव दिला. सरावातल्या आकृत्यांत माणसं तरबेज झाली, पण आकार किंवा आकारमान बदललं की सुधारणा बरीचशी ओसरली. दोन कामांत जेवढे घटक सारखे, तेवढंच कौशल्य एका कामातून दुसऱ्यात जातं, असा त्यांचा निष्कर्ष होता. बुद्धिबळाला तो चपखल लागू पडतो.

मानसशास्त्रज्ञ विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ चा प्रयोग पाहा. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, पट झाकायचा आणि आठवेल तशी सोंगट्यांची मांडणी करायला सांगायची. मास्टर दर्जाचा खेळाडू बहुतेक सोंगट्या बरोबर ठेवतो, नवखा जेमतेम चार-पाच. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विखुरल्या, तर मास्टरचा तो मोठा फायदा जवळपास नाहीसा होतो. (नंतरच्या अभ्यासांत विखुरलेल्या मांडणीतही तगड्या खेळाडूंना थोडा फायदा दिसला, पण थोडाच.) म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती मुळात अफाट नसते. किल्लेकोट केलेला राजा, त्यापुढची तीन प्यादी, एफ३ या घरावरचा (एफ ही उभी रांग, ३ ही आडवी) घोडा हा सगळा समूह त्याच्या लेखी एकच वस्तू असते. असे हजारो समूह डोक्यात साठलेले असतात. कर्जाच्या कागदपत्रांत एफ३ वर घोडा नसतो, त्यामुळे तो साठा तिथे बिनकामाचा ठरतो.

शाळांमधल्या अभ्यासांबद्दल: साला आणि गोबे या संशोधकांनी २०१६ मध्ये २४ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी परिणाम ०.३४ प्रमाण विचलनाच्या (म्हणजे मुलामुलांच्या गुणांत एरवी असतो त्या फरकाच्या साधारण एक तृतीयांशाच्या) आसपास आला, गणितात थोडा जास्त, वाचनात कमी. आकडा दिसायला बरा आहे. पण यातल्या बहुतेक अभ्यासांत तुलनेचा गट दुसरं काही नवीन शिकत नव्हता. नवा शिक्षक, नवा खेळ, मिळालेलं लक्ष, वाढलेला उत्साह यांचा परिणाम किती आणि बुद्धिबळाचा किती, हे अशा मांडणीत वेगळं काढता येत नाही, आणि हा आक्षेप त्या दोघांनी स्वतःच नोंदवला आहे. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या १०० शाळांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभरात ३० तास बुद्धिबळ शिकवलं, कुठल्या शाळेत शिकवायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि शिकवणं संपल्यावर वर्षभराने गणिताचे गुण पाहिले. फरक दिसला नाही.

‘चांगले खेळाडू हुशार असतात’ या निरीक्षणातून काही सिद्ध होत नाही. बुद्धिमत्ता आणि खेळातलं कौशल्य यांचा संबंध आहे, पण माफक आहे, आणि ज्यांना हे लवकर जमतं तेच खेळत राहतात हेही त्यात मिसळलेलं असतं.

---

उघडी_फळी

तळघर, शाळेतले गुण आणि निर्णयक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणित सुधारलं नाही म्हणून निर्णय सुधारत नाहीत हे कसं काय? समोरचा काय करेल याचा आधी विचार करणं, शेवटाकडून मागे हिशोब करत येणं, हे तर बुद्धिबळाचं मूळच आहे. ते बाहेर का जाणार नाही?

---

तळघर

रास्त शंका आहे, आणि नेमकं हेच तपासून झालेलं आहे.

अर्थशास्त्रात एक खेळ वापरतात. दोन माणसं आळीपाळीने ठरवतात: समोरची रक्कम उचलून खेळ संपवायचा की पुढे ढकलायचा. पुढे ढकलली की रक्कम वाढते, पण पुढच्या वेळी मोठा वाटा उचलायची संधी समोरच्याला मिळते. शेवटाकडून काटेकोर हिशोब करत आलात तर पहिल्याच संधीला उचलायला हवं. २००९ मध्ये एका अभ्यासात बुद्धिबळाचे ग्रँडमास्टर अगदी तसेच वागले आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. २०११ मध्ये लेव्हिट, लिस्ट आणि सॅडॉफ यांनी तो पुन्हा केला, तर बुद्धिबळपटू इतरांसारखेच रक्कम पुढे ढकलत राहिले. त्याच लोकांना त्यांनी शेवटाकडून हिशोब लागणारं निव्वळ आकड्यांचं एक कोडंही दिलं होतं. त्यात चांगली कामगिरी करणारेसुद्धा पैशांच्या खेळात काही वेगळे वागले नाहीत. हिशोब येत असूनही तो तिथे लावला गेला नाही, किंवा लावावासा वाटला नाही, कारण समोरचा माणूस कसा वागेल याचा अंदाज हा वेगळाच प्रश्न आहे.

तुमच्या बाजूचाही एक पुरावा देतो. बांगलादेशातल्या ग्रामीण शाळांत पाचवीच्या मुलांना तीन आठवड्यांत ३० तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुणांवर म्हणावा असा परिणाम नव्हता, पण जवळपास वर्षभरानंतरही मुलांची धोका पत्करायची तयारी वाढलेली दिसली. स्वभावाच्या बाजूला काहीतरी हलतं, असं यावरून म्हणता येईल. मात्र धोका पत्करायची तयारी वाढणं म्हणजे निर्णय सुधारणं, असं मी म्हणणार नाही. तो धोका कुठला आहे यावर ते अवलंबून आहे.

---

आधी_बघा_मग_हलवा

संशोधनाबद्दल तळघर यांच्याशी सहमत. पण मुक्ता यांचा दुसरा प्रश्न, कसं खेळावं, तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा. चालींचा साठा बाहेर जात नाही हे मान्य. विचार करायची शिस्त मात्र नेता येते. ती मुद्दाम उचलून न्यावी लागते.

पहिली अट वेळेची. तीन किंवा पाच मिनिटांच्या डावांत ही शिस्त बसतच नाही. तिथे हात सवयीने चालतो, घड्याळ संपवून जिंकायचे मोह होतात, आणि हरलं की लगेच पुढचा डाव सुरू होतो. प्रत्येकाला कमीत कमी १५ मिनिटं अधिक दर खेळीला १० सेकंद. असा डाव ४० खेळ्यांचा झाला तर दोघांचा मिळून पाऊण तासापर्यंत जाऊ शकतो, म्हणून अर्ध्या तासाच्या हिशोबात रोज डाव खेळूच नका. एक दिवस खेळा, दुसऱ्या दिवशी तोच डाव तपासा. खेळायच्या दिवशी वेळ थोडा जास्त लागेल, तपासणीच्या दिवशी भरून निघेल.

डावात प्रत्येक खेळीला हा क्रम ठेवा. समोरच्याने आत्ता जे हलवलं त्याने काय बदललं? कुठली सोंगटी उघडी पडली, कुठली रेघ मोकळी झाली, पुढच्या खेळीत त्याला काय करायचं आहे? त्यानंतर स्वतःच्या दोन-तीन उमेदवार खेळ्या ठरवायच्या, खोलात न शिरता. आधी नावं, मग हिशोब. उमेदवार खेळ्यांची ही कल्पना सोव्हिएत ग्रँडमास्टर कोतोव यांनी रूढ केली. पहिली सुचलेली खेळीच खोदत बसायचं आणि ती फसली की घाईत दुसरीच, अजिबात न तपासलेली खेळी करून टाकायची, ही चूक त्यांनी फार बारकाईने दाखवली आहे. ठरवलेल्या उमेदवारांत शह, मारामारी आणि थेट धमकी असलेल्या खेळ्या आधी बघायच्या, कारण त्यांना समोरच्याकडे मोजकीच उत्तरं असतात.

हिशोब करताना समोरच्याचं सर्वांत चांगलं उत्तर धरायचं, आपल्याला सोयीचं नाही. नवखे इथेच सर्वांत जास्त घसरतात: ‘मी हत्ती इथे आणतो, तो प्यादं मारतो, मग मात.’ पण तो प्यादं का मारेल?

शेवटचा टप्पा खेळी पक्की झाल्यावर आणि सोंगटीला हात लावायच्या आधी. नजर एकदा पटावरून काढायची, परत टाकायची आणि पट पहिल्यांदाच पाहतोय असं समजून विचारायचं: ही खेळी केल्यावर मला एका चालीत काय गमवावं लागू शकतं? सोव्हिएत बुद्धिबळपटू ब्लुमेनफेल्ड यांचा सल्ला होता की खेळी आधी कागदावर लिहावी, मग ताज्या नजरेने तपासावी आणि नंतरच हलवावी. आताच्या फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांनुसार स्पर्धेत खेळी आधी लिहायला मनाई आहे. घरी सरावात लिहायला कुणी अडवत नाही, आणि नोकरीचा राजीनामा लिहून एक रात्र ठेवायलाही.

आता तपासणी. ही डावापेक्षा मोलाची. इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम) लगेच लावू नका. आधी २० मिनिटं स्वतः डाव मागे न्या आणि जिथे विचार अडला होता अशा तीन जागा निवडा. प्रत्येकीत तेव्हा मनात काय होतं ते एका ओळीत लिहा: ‘वाटलं घोडा मागे जाईल’, ‘वजिराची धमकी दिसलीच नाही’, ‘दिसली, पण वेळ कमी म्हणून दुर्लक्ष केलं’. मग इंजिन. आधी इंजिन लावलं की ते उत्तर आपल्यालाही सुचलंच होतं असं वाटायला लागतं आणि खरी कारणं पुसली जातात.

चुका चार खान्यांत टाका: दिसलंच नाही, दिसलं पण किंमत चुकली, घाई केली, फार रेंगाळलो. दहा-पंधरा डावांनंतर एखादा खाना ठसठशीत भरलेला दिसतो. रोजच्या निर्णयांसाठी बुद्धिबळातून काही मिळतं तर ते हेच: स्वतःच्या चुकीची जात ओळखणं. ज्याचा ‘समोरच्याचं सोयीचं उत्तर धरलं’ हा प्रकार पटावर वारंवार येतो, त्याने पगाराची बोलणी करायच्या आधी तोच प्रश्न स्वतःला विचारून बघावा.

---

तिरकस_रेघ

वरचं सगळं नीट आहे. उलट्या परिणामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तो होतो.

बुद्धिबळपटू रेटी यांची १९२१ ची प्रसिद्ध रचना, म्हणजे कोड्यासारखी मांडलेली स्थिती, घ्या. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. खेळी पांढऱ्याची, आणि त्याला बरोबरी साधायची आहे. पहिल्या नजरेत हे अशक्य. काळं प्यादं पळत सुटलंय, पांढरा राजा त्याच्या मागे दोन घरं कमी पडतो. स्वतःच्या प्याद्याला मदत करायला जावं तर तेही लांब. उत्तर आहे राजा जी७, मग एफ६, मग ई५, तिरकं. काळ्याने प्यादं पुढे ढकलत राहिलं तर पांढरा राजा आपल्या प्याद्यापाशी पोचतो आणि दोघांचीही प्यादी शेवटच्या रांगेत पोचून वजीर होतात, म्हणजे बरोबरी. काळ्याने मध्ये थांबून बी६ वर येऊन सी६ चं प्यादं मारलं, तर त्या खर्चलेल्या दोन खेळ्यांत पांढरा राजा एफ४ वरून त्याचं प्यादं गाठतो.

यावरून ‘एका दगडात दोन पक्षी मारा, आयुष्यातही दोन उद्देश साधणारं पाऊल निवडा’ असा धडा लोक काढतात. पण ही युक्ती चालते कशामुळे? एच८ पासून एच२ पर्यंत राजाला सरळ खाली जायला सहा खेळ्या लागतात, आणि ई५ ला वळसा घालून गेलं तरी सहाच. पटावर तिरकं घर आणि सरळ घर यांची किंमत एकच, म्हणून वळसा फुकट पडतो. पटाबाहेर वळसा फुकट नसतो. दोन उद्देश एकत्र धरणारा माणूस बहुतेकदा दोन्हीकडे उशिरा पोचतो. रचना अप्रतिम आहे, पण तिचं सौंदर्य चौसष्ट घरांच्या भूमितीत आहे आणि ती भूमिती तिथेच राहते.

याहून गंभीर फरक असे. पटावर सगळं उघडं असतं, दडलेलं काही नाही. फासा नाही, नशीब नाही. म्हणून डाव हरला तर कुठेतरी चूक झालीच, असं म्हणणं बरोबर ठरतं. हीच सवय बाहेर नेली की माणूस निकालावरून निर्णय तोलायला लागतो. दहापैकी आठ वेळा यशस्वी होणारा उपचार निवडला आणि तो लागू पडला नाही, तर निर्णय चुकला असं होत नाही. याउलट बेफिकिरीने टाकलेले पैसे दुप्पट झाले म्हणून तो निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. बुद्धिबळात मुरलेल्या माणसाला हे वेगळं करून शिकावं लागतं.

दुसरं, पटावर एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा. घरातला वाद, भागीदारी, ग्राहकाशी बोलणी यांत बरेचदा दोघांचं भलं होणारा तोडगा असतो. समोरच्याला प्रतिस्पर्धी धरूनच बसलं तर तो शोधलाच जात नाही.

तिसरं म्हणजे ओळखीच्या उत्तराची पकड. बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या संशोधकांनी २००८ मध्ये तगड्या खेळाडूंना एक स्थिती दिली. तिच्यात वजिराचा बळी देऊन घोड्याने कोंडून मात करायची सुप्रसिद्ध पाच खेळ्यांची वाट होती, आणि त्याहून छोटी, कमी परिचित, तीन खेळ्यांची वाटही होती. खेळाडूंना पहिली चटकन दिसली. मग ते म्हणाले की आम्ही आणखी चांगली वाट शोधतोय. पण त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या होत्या, आणि नजर पहिल्या उत्तराच्याच घरांवर फिरत होती. परिचित वाट बंद करणारा एक छोटा बदल केल्यावर त्याच दर्जाच्या खेळाडूंना छोटी मात सापडली. आपण मोकळ्या मनाने शोधतोय असं प्रामाणिकपणे वाटणं पुरेसं नाही, हे यातून कळतं. खेळाडू जितका तगडा तितकी ही पकड सैल होते, पण तगड्यांनाही ती सुटत नाही. म्हणून वर सांगितलेला ‘आधी उमेदवार, मग हिशोब’ हा क्रम कागदावर हवा. मनातल्या मनात केलेला क्रम पहिल्या उत्तराच्या बाजूने झुकतो.

---

मुक्ता_६४

सगळ्यांचे आभार, हे फार उपयोगी आहे. दोन गोष्टी अजून स्पष्ट करा. एक, ती शिस्त पटावरून बाहेर न्यायची म्हणजे प्रत्यक्ष कागदावर काय लिहायचं? दोन, निकालावरून निर्णय तोलायचा नाही, तर मग सुधारणा होतेय हे मोजायचं कसं?

---

आधी_बघा_मग_हलवा

कागदावर सहा ओळी पुरतात. तारीख आणि प्रश्न एका वाक्यात. किमान तीन पर्याय, त्यांत ‘आत्ता काहीच न करणं’ हा बहुतेकदा धरा. (पटावर हा पर्याय नसतो. खेळी करावीच लागते, कधी कधी कुठलीही खेळी नुकसानीचीच असते. बाहेर थांबता येतं, हे बुद्धिबळपटू विसरतात.) प्रत्येक पर्यायावर संबंधित माणसांचं त्यांच्या दृष्टीने सर्वांत योग्य उत्तर. निवडलेल्या पर्यायात कमीत कमी खर्चात मागे फिरता येईल का. कुठली माहिती मिळाली तर मी मत बदलेन. आणि शेवटी अपेक्षा, तारीख घालून आणि टक्क्यांत: ‘सहा महिन्यांत या कामावर समाधानी असेन, शक्यता ७० टक्के.’

यात लोक सर्वांत जास्त चुकतात ते शेवटच्या ओळीत. ‘बहुधा चांगलं होईल’ असं लिहिलं की नंतर काहीही झालं तरी तसंच वाटत होतं असं म्हणता येतं. सहा महिन्यांनी हो की नाही एवढंच उत्तर देता येईल असं वाक्य हवं. ‘समाधानी’ हा शब्दसुद्धा सैल आहे, त्याऐवजी ‘नवी नोकरी शोधत नसेन’ हे बरं.

सगळे निर्णय या कागदावर आणू नका. मागे फिरता येणारे छोटे निर्णय पटकन घ्यावेत. सोंगटीला हात लावला की ती हलवावीच लागते हा नियम पटापुरता आहे.

---

तळघर

मोजण्याबद्दल. टक्के लिहिलेत तर हवामानाच्या अंदाजांसाठी वापरतात ती रीत लावता येते, ब्रायर गुण. टक्के दशांश अपूर्णांकात लिहा, ७० टक्के म्हणजे ०.७. गोष्ट घडली तर त्यातून १ वजा करा, घडली नाही तर ० वजा करा, आणि आलेल्या फरकाचा वर्ग. ७० टक्के लिहिलं आणि घडलं: ०.७ वजा १, वर्ग ०.०९. घडलं नाही: ०.७ चा वर्ग ०.४९. सगळ्या नोंदींची सरासरी काढा. आकडा जितका लहान तितकं चांगलं. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, म्हणजे त्याच्या वर असाल तर अंदाज न करणाऱ्यापेक्षाही मागे आहात.

पाच-सहा नोंदींवरून काही ठरवू नका, तेवढ्यात नशीबच बोलतं. वीस-तीस झाल्यावर बघा, आणि सरासरीबरोबर ७०-८० टक्के लिहिलेल्या गोष्टी वेगळ्या काढून त्यांतल्या किती घडल्या ते मोजा. निम्म्याच घडल्या असतील तर खात्री जास्त वाटतेय. मोठे निर्णय क्वचित येतात, म्हणून नोंदी वाढवायला छोटे अंदाजही लिहा: हे काम शुक्रवारपर्यंत संपेल का, अमुक माणूस होकार देईल का.

एक खबरदारी. आकडा सुधारला तरी तो बुद्धिबळामुळे सुधारला असं म्हणता येणार नाही, कारण वही ठेवायला तुम्ही त्याच सुमारास लागलात. उद्देश फक्त निर्णय सुधारायचा असेल, तर त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं वहीला देणं हा जास्त थेट रस्ता आहे.

---

उघडी_फळी

मग बुद्धिबळ कशाला, असा प्रश्न उरतो. माझं मत: वहीत चूक कळायला सहा महिने लागतात, पटावर त्याच संध्याकाळी कळते. घाई, हट्ट, सोयीचं धरून चालणं या गोष्टी इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे उघड्या पाडणारी जागा दुसरी सहज मिळत नाही. शिवाय खेळ सुंदर आहे, आणि तेवढं कारण खेळायला पुरेसं आहे.

मुक्ता, सुरुवात करताना एकच सुचवतो. पहिले दहा डाव रेटिंग न लागणारे खेळा. गुण कमीजास्त व्हायला लागले की लोक तपासणी टाळून पुढचा डाव लावतात.